जेफेट बफरचं किट: बोर्ड उत्तम, पिशवीतले जेफेट मात्र मोजल्याशिवाय लावू नका

बफर म्हणजे आवाज न वाढवणारा प्रीॲम्प. जितका सिग्नल आत, जवळजवळ तितकाच बाहेर. मग त्यासाठी चार जेफेट (गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पायांचे ट्रान्झिस्टर), वेगळा ॲडॉप्टर आणि वेगळी पेटी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. काही जणांना बफरची खरंच गरज नसते, म्हणून आधी त्यांचं बोलू.

नुसता व्हॉल्यूमचा पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर) पेटीत बसवून त्याचं आउटपुट थेट पॉवर ॲम्पला दिलं, की वायपरवरचा, म्हणजे पॉटच्या सरकत्या टोकावरचा, आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) नॉबबरोबर बदलत राहतो. आवाज निम्म्यावर, म्हणजे सहा डीबी खाली असताना तो सर्वांत जास्त असतो: पॉटच्या एकूण किमतीच्या पाव भाग. १०० के (किलोओहम) पॉटला हा आकडा २५ के येतो. शील्डेड वायरचा कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरला, तर पाच मीटरला ५०० पिकोफॅरड. २५ के आणि ५०० पिकोफॅरड मिळून जो फिल्टर तयार होतो तो १२.७ किलोहर्ट्झलाच तीन डीबी खातो. झांजांची चमक गेली, आवाज दबल्यासारखा वाटतो, अशी तक्रार इथूनच येते. याउलट पॉट १० के असेल आणि वायर मीटरभर, तर हाच आकडा ६०० किलोहर्ट्झच्या वर जातो. तुमची मांडणी अशी असेल आणि सिग्नल देणाऱ्या यंत्राला १० केचा भार पेलत असेल, तर किट घेऊ नका. जिथे वायर लांब आहे, पॉट ५० के किंवा त्याहून मोठा आहे, किंवा पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स १० केच्या आसपास आहे, तिथे बफरचा फरक कानाला कळतो.

हे किट बी१ धाटणीचं आहे. ॲम्प्लिफायर डिझायनर नेल्सन पास यांनी २००८ मध्ये बी१ बफरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, आणि तेव्हापासून त्यावर बेतलेले बोर्ड निरनिराळ्या रंगांत, निरनिराळ्या नावांनी विकले जातात. सर्किट अगदी थोडक्यात सांगता येतं. प्रत्येक चॅनेलला दोन एन-चॅनेल जेफेट, एकावर एक. वरचा सोर्स फॉलोअर, म्हणजे गेटवरचा सिग्नल सोर्सवर जवळजवळ तसाच देणारा. खालच्याचे गेट आणि सोर्स दोन्ही ग्राउंडला, त्यामुळे तो आपल्या आयडीएसएस (गेट आणि सोर्स जोडले असताना वाहणारा प्रवाह) इतका स्थिर प्रवाह ओढतो. पुरवठा एकेरी, १८ व्होल्ट. दोन १० केच्या रेझिस्टरांनी त्याचे निम्मे, म्हणजे ९ व्होल्ट काढून ते १ मेगओहममधून वरच्या गेटला बायस (आधाराचा स्थिर व्होल्टेज) म्हणून दिलेले. पॉटनंतर इनपुटला १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, आउटपुटला १० मायक्रोफॅरड, त्याच्यापुढे १ के सिरीजमध्ये आणि २२० के ग्राउंडला. इतकंच.

सर्किट इतकं लहान असल्यामुळे लपायला जागा नाही. किट चांगलं की वाईट हे तीन गोष्टी ठरवतात: जेफेटची जोडी, पुरवठा आणि ग्राउंडची वायरिंग. यातली पहिली किट देतं पण धड देत नाही. दुसरी अर्धीच देतं. तिसरी पूर्णपणे तुमच्यावर सोडतं.

पिशवीत काय आहे

बोर्ड खरोखर चांगला आहे. फायबरग्लासचा, दोन्ही बाजूंनी कॉपर, भोकं आतून प्लेटिंग केलेली, मास्क एकसारखा. प्लेटिंगचा तोटा एकच: चुकून बसवलेला भाग काढताना डिसोल्डरिंग वेणी किंवा पंप नीट वापरला नाही, तर पायाबरोबर आतली कडी उपटून येते. म्हणून जेफेट सगळ्यात शेवटी बसवा, आणि तेही मोजून. शक्य असेल तर त्या जागी तीन पिनांचं छोटं सॉकेट लावा. जोड्या बदलून पाहायच्या असतील तर सॉकेट फार उपयोगी पडतं.

रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म, तक्रारीला जागा नाही. इनपुटचे कपॅसिटर पॉलिएस्टर, तेही पुरेसे. आउटपुटला मात्र किटमध्ये १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक दिलेत, जिथे बोर्डवर पॉलिप्रॉपिलिनच्या मोठ्या कपॅसिटरसाठीसुद्धा भोकं आहेत. पुढच्या ॲम्पचा इनपुट १० के धरला तर १० मायक्रोफॅरडची खालची मर्यादा १.५ हर्ट्झच्या आसपास येते. सिग्नलचा व्होल्टेज त्या कपॅसिटरवर पडतच नाही, म्हणून इलेक्ट्रोलिटिकने आवाज बिघडतो ही भीती अनाठायी आहे. फिल्म लावण्याचं खरं कारण गळती, त्याबद्दल पुढे येईलच.

पॉट ही या पिशवीतली सर्वांत हलकी वस्तू. त्यावर बी५० के छापलंय, आणि सध्याच्या प्रचलित खुणेप्रमाणे बी म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला लॉग लागतो. छापील अक्षरावर विसंबू नका, कारण जुन्या काही पॉटवर ए आणि बी यांचा अर्थ उलटा असतो. नॉब मध्यावर ठेवून वायपर आणि ग्राउंडकडच्या टोकामधला रोध मोजा. एकूण रोधाच्या निम्मा आला तर लिनियर. दहा-पंधरा टक्के आला तर लॉग. लिनियर पॉटला पहिल्या पाव फेरीतच आवाज अंगावर येतो आणि उरलेली फेरी वाया जाते. दोन्ही गँगची (एकाच नॉबवर फिरणाऱ्या दोन पॉटची) जुळणीही तपासा. नॉब अगदी खाली, रात्री ऐकतो तिथे ठेवून दोन्ही बाजूंचा रोध वाचा. एकीकडे १ के आणि दुसरीकडे १.२६ के आला तर चॅनेलमध्ये दोन डीबीचा फरक पडला, गायक मधून सरकून एका बाजूला जाणार. चांगला २५ के लॉग पॉट वेगळा घेणं हा या किटवरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

आता जेफेट. चारही नगांवर के१७० आणि बीएल अशी खूण आहे. मूळचा २एसके१७० तोशिबाचा, आणि तो कधीच उत्पादनातून गेला आहे. आयडीएसएसप्रमाणे त्याच्या तीन श्रेणी होत्या: जीआर म्हणजे २.६ ते ६.५ मिलिअँपिअर, बीएल ६ ते १२, आणि व्ही १० ते २०. नव्या पिशवीत नवे करकरीत के१७० दिसले की संशय घ्यायलाच हवा, कारण दुसराच एखादा जेफेट पुसून त्यावर हा नंबर छापणं हा जुना धंदा आहे. संशय फेडायला ऑसिलोस्कोप लागत नाही.

जेफेट मोजायचे कसे

एक ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची ताजी बॅटरी, १० ओहमचा एक टक्का रेझिस्टर आणि मल्टिमीटर. गेट आणि सोर्स एकत्र करून बॅटरीच्या ऋण टोकाला, ड्रेन १० ओहममधून धन टोकाला. रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, त्याचा दहावा भाग म्हणजे मिलिअँपिअरमध्ये आयडीएसएस. ८० मिलिव्होल्ट दिसले तर ८ मिलिअँपिअर. जेफेट बोटांनी धरून लावला तर आकडा काही सेकंद सरकत राहतो, कारण तापल्यावर त्याचा प्रवाह उतरतो. प्रत्येक नगाला सारखाच वेळ द्या, अर्धा मिनिट पुरे, आणि मग वाचा. पंखा बंद ठेवा. नगांवर मार्करने नंबर घाला.

खरा-खोटा ओळखण्यासाठी दुसरं माप घ्या. आता गेट ऋण टोकाला तसाच, पण सोर्स आणि ऋण टोक यांच्यामध्ये १०० ओहम. अस्सल २एसके१७० बीएलचा पिंच-ऑफ व्होल्टेज (गेट सोर्सपेक्षा जितका ऋण झाल्यावर प्रवाह बंद होतो तो) लहान, अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. त्यामुळे ८ मिलिअँपिअर आयडीएसएसचा नग १०० ओहममागे दोन-तीन मिलिअँपिअरवर येतो. ज्याचा पिंच-ऑफ दोन व्होल्ट आहे असा, म्हणजे साध्या स्विचिंग जेफेटच्या वळणाचा नग, त्याच जागी साडेचारच्या वर राहतो. हा फरक इतका ठळक आहे की दोन नग मोजले की तिसऱ्याला प्रश्न उरत नाही.

या किटमधले चार नग ५.१, ६.८, ७.० आणि ९.४ मिलिअँपिअर भरले. १०० ओहमची परीक्षा चौघेही उत्तीर्ण झाले, म्हणजे नकली नाहीत, फक्त ५.१चा नग बीएल छापलेला असूनही जीआरच्या पट्ट्यात बसतो. पण ‘जुळवलेली जोडी’ हे जाहिरातीतलं वाक्य ६.८ आणि ७.० यांनाच लागू पडतं. ५.१ आणि ९.४ एका चॅनेलला लावायचे कसे, याचं उत्तर सूचनापत्रिकेत नाही.

जोडी जुळायला का हवी? दोन्ही जेफेटमधून एकच प्रवाह वाहतो आणि तो खालचा ठरवतो. वरच्याचा आयडीएसएस तितकाच असेल तर त्याचा गेट-सोर्स व्होल्टेज शून्यावर बसतो. वरचा अशक्त आणि खालचा दांडगा असेल, तर वरच्याच्या गेटला सोर्सपेक्षा धन व्हावं लागतं. थोडं चालतं, पण अर्ध्या व्होल्टकडे सरकलं की गेटचा डायोड वाहू लागतो, मेगओहमचा इनपुट इम्पीडन्स कोसळतो आणि मोठ्या सिग्नलला आवाज खरखरतो. म्हणून नियम असा: फरक पाच टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जो मोठा तो वर. ९.४ वर आणि ५.१ खाली लावला तर काहीच जळत नाही, सोर्स गेटपेक्षा थोडा वर बसतो एवढंच, पण तो चॅनेल दुसऱ्यापेक्षा कमी प्रवाहावर चालतो आणि दोन्हींचं वागणं सारखं राहत नाही. दहा-बारा सुटे नग घेऊन त्यातून चौघे निवडणं हाच सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर दोन्ही जेफेटच्या सोर्सला प्रत्येकी २२ ओहम घाला (वरच्याचा सोर्सच्या पायात, आउटपुट त्याच्या खालून घ्यायचं). जोडीतला फरक बराच दबतो. बदल्यात आउटपुट इम्पीडन्स थोडा वाढतो. पुढे १ के असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही.

पिनांची दिशा हा दुसरा सापळा. २एसके१७०चा सपाट भाग आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून ड्रेन, गेट, सोर्स. पर्याय म्हणून बरेच जण जे११३ घालतात, त्याचा क्रम ड्रेन, सोर्स, गेट. बोर्डवर नुसती अर्धगोल आकृती छापलीय, अक्षरं नाहीत. जे११३ त्या आकृतीत जसाच्या तसा बसवला तर होणारा बिघाड मजेशीर आहे. खालचा जेफेट बिनचूक चालतो, कारण त्याच्या गेट आणि सोर्सची भोकं दोन्ही ग्राउंडलाच आहेत, अदलाबदल झाली तरी त्याला फरक पडत नाही. वरचा मात्र ठार बंद. आउटपुटचा नोड शून्याला टेकतो. एक जेफेट चालतो आणि एक नाही असं दिसल्यावर माणूस वरचा बदलत बसतो, नवाही तसाच वागतो. जे११३ लावायचा असेल तर गेट आणि सोर्सचे पाय एकमेकांवरून वळवा आणि मध्ये स्लीव्ह घाला.

बांधणी आणि पहिली मोजणी

आधी पुरवठ्याचा भाग सोल्डर करा, बाकी काही नाही. ॲडॉप्टर जोडा, १८ व्होल्ट आणि मधल्या जोडावर ९ व्होल्ट दिसतात का पाहा. मग रेझिस्टर, मग कपॅसिटर, शेवटी जेफेट. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश, एका पायाला दोन-तीन सेकंद. डाग चकचकीत आणि पायाला चढलेला दिसला पाहिजे. गोळा होऊन बसला असेल तर तो ड्राय (नीट न धरलेला) आहे, पुन्हा द्या. आउटपुटला इलेक्ट्रोलिटिक लावत असाल तर त्याचं धन टोक जेफेटकडे, तिथे ९ व्होल्ट असतात.

पहिल्यांदा वीज देताना पॉवर ॲम्प जोडू नका. प्रत्येक आउटपुटला १० केचा रेझिस्टर लावा आणि वरच्या जेफेटचा सोर्स, म्हणजे दोघांचा जोड, ग्राउंडच्या मानाने मोजा. ९ व्होल्टच्या आसपास, दोन-तीन दशांश इकडेतिकडे, हे निरोगी लक्षण. गेटवर मोजायच्या फंदात पडू नका. मीटरचा स्वतःचा इम्पीडन्स बहुधा १० मेगओहम, आणि बायस येतो १ मेगओहममधून. मीटर लावताच गेट ८.२ व्होल्टवर उतरतो आणि त्याच्यामागे सोर्सही. बिघाड नसताना बिघाड दिसतो आणि चांगला बोर्ड उकरला जातो.

जोडावर शून्याजवळचा आकडा आला तर वरचा जेफेट बंद आहे, उलट्या पिनांचा आहे, किंवा खालचा शॉर्ट आहे. पुरा १८ आला तर वरच्याचा ड्रेन-सोर्स शॉर्ट. सगळ्यात फसवा आकडा ९.४ ते ९.६. दिसायला ठीक, पण अनेकदा याचा अर्थ खालचा जेफेट प्रवाहच ओढत नाही, म्हणजे त्याच्या एखाद्या पायाला ड्राय सोल्डर आहे. भार नसल्यामुळे वरच्याचा सोर्स गेटपेक्षा पिंच-ऑफइतका वर तरंगतो आणि मीटरला सगळं आलबेल वाटतं. आवाज मात्र फाटका आणि बारीक येतो, कारण वरचा जेफेट प्रवाह देऊ शकतो, ओढून घेऊ शकत नाही. खात्री करायची तर मीटर पुरवठ्याच्या वायरीत मालिकेत लावा. दोन चॅनेल, प्रत्येकी ८ मिलिअँपिअर, बायसचा जवळपास १, एलईडीचे चार-पाच: एकूण वीस-बावीस दिसायला हवेत. चौदा दिसले तर एक चॅनेल झोपलाय.

मग आउटपुट जॅकवरचा डीसी. ॲडॉप्टर लावल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा आणि १० केचा भार तसाच ठेवून मोजा. एक-दोन मिलिव्होल्टच्या आत हवा. भार काढून मोजाल तर इलेक्ट्रोलिटिकची अर्धा मायक्रोअँपिअर गळतीसुद्धा २२० केवर ११० मिलिव्होल्ट दाखवते आणि उगाच धडकी भरते. फिल्म कपॅसिटरला हा प्रकारच नसतो. डीसी कपल्ड (इनपुटला कपॅसिटर नसलेला) पॉवर ॲम्प असणाऱ्यांनी तेवढ्यासाठी फिल्म लावावा.

हम, शिट्टी आणि धप्प

किटची सूचनापत्रिका १८ व्होल्टचा कुठलाही ॲडॉप्टर चालेल म्हणते. चालतो, पण दोन तऱ्हांनी त्रास देतो. ट्रान्सफॉर्मरवाला, रेग्युलेशन नसलेला ॲडॉप्टर वीस मिलिअँपिअरच्या भारावर १८ ऐवजी २५-२६ व्होल्ट देतो. जेफेट ते सहन करतात, ४० व्होल्टची मर्यादा आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच येतात. पण किटमधले फिल्टर कपॅसिटर २५ व्होल्टचे आहेत. ते ३५ व्होल्टचे घाला. स्विचिंग ॲडॉप्टरची तऱ्हा वेगळी. दोन अँपिअरच्या ॲडॉप्टरवर वीस मिलिअँपिअरचा भार म्हणजे त्याला कामच नाही. अशा वेळी त्यातले बरेच कंट्रोलर रमतगमत, मध्येच थांबून स्विचिंग करतात आणि ती थांब-चल थेट कानाच्या पट्ट्यात येते. नॉब खाली असतानाही बारीक सुईं ऐकू येते. जास्त अँपिअरचा ॲडॉप्टर म्हणजे चांगला, हा समज इथे उलटा पडतो.

उपाय स्वस्त आहे. २४ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्या आणि मध्ये एलएम३१७ हा व्होल्टेज रेग्युलेटर टाका: २४० ओहम आणि ३.३ के लावले की साधारण १८.६ व्होल्ट मिळतात. ॲडजस्ट पिनेवरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड नक्की लावा, त्याने रिपल (डीसीत उरलेली लहर) दाबण्याची क्षमता ६५ डीबीवरून ८० डीबीकडे जाते. तेवढंही नको असेल तर २२ ओहम आणि १००० मायक्रोफॅरडचा फिल्टर. १०० हर्ट्झला तेवीस डीबी मिळतात, आणि ड्रॉप अर्ध्या व्होल्टहून कमी.

हम आली तर आधी नॉब फिरवून ऐका, निम्मं निदान तिथेच होतं. नॉबचा काहीच परिणाम होत नसेल तर दोष पॉटच्या पुढे: पुरवठा, किंवा बफर आणि ॲम्प यांच्यातला ग्राउंड लूप. नॉबबरोबर शेवटपर्यंत वाढत जात असेल तर ती सिग्नल देणाऱ्या यंत्राकडून येतेय. नॉब मध्यावर असताना सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांना कमी, तर पॉटचा वायपर आणि बोर्ड यांच्यातली वायर हवेतून हम उचलतेय, कारण तिथला इम्पीडन्स मध्यावरच सर्वांत जास्त असतो. बायसच्या जोडावरचा मोठा कपॅसिटर सुटला असेल तरी लक्षण हेच. वायर शील्डेड घ्या, शील्ड एकाच टोकाला जोडा, आणि पॉटच्या धातूच्या अंगाला ग्राउंडची वायर द्या. नॉबला हात लावला की हम थांबते किंवा वाढते, तर हीच वायर राहिली आहे.

हमचा सूरही कानाने ओळखावा. वीज ५० हर्ट्झची असेल तर जाड, पोटातला ५०चा आवाज म्हणजे लूप किंवा उचललेली हम. त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा, थोडा खरखरीत बझ म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल. पेटी धातूची असेल तर जॅक पेटीपासून इन्सुलेट करा आणि सिग्नलचं ग्राउंड पेटीला एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ, टेकवा. किटमधल्या जॅकांबरोबर इन्सुलेटिंग वॉशर नाहीत. ही कंजुषी अनाकलनीय आहे.

काही बोर्डांवर गेटला सिरीजमध्ये येणाऱ्या २२० ओहमच्या रेझिस्टरची जागा इनपुट जॅकजवळ दिली आहे, जेफेटजवळ नाही. हा रेझिस्टर गेटला अगदी चिकटून हवा. तो लांब असेल, आणि आउटपुटला १ के गाळून लांब वायर जोडली असेल, तर सोर्स फॉलोअर मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होऊ शकतो. ते ऐकू येत नाही, पण आवाज धुरकट होतो, आणि हात बोर्डजवळ नेला की सोर्सवरचा डीसी सरकतो. ही खूण दिसली तर दुसरं काही न शोधता गेटच्या पायालाच रेझिस्टर लावा. आउटपुटचा १ के कधीही गाळू नका. त्यामुळे १० केच्या ॲम्पला जेमतेम ०.८ डीबी घट होते, ती नॉबच्या एका टिचकीत भरून निघते.

सुरू करताना स्पीकरमधून होणारी धप्प हा दोष नसून कपॅसिटर भरतानाचा झटका आहे. बफर आधी सुरू, पॉवर ॲम्प नंतर. बंद करताना उलट. हे पाळणं घरातल्या सगळ्यांना जमणार नसेल तर पाच सेकंद उशिराने चालू होणारा रिले आउटपुटला लावा, जो सिग्नल १ केच्या पुढे ग्राउंडला टेकवून ठेवतो.

आवाज, आणि ऑपॲम्पशी तुलना

नीट बांधलेला हा बफर शांत आहे. के१७०चा नॉइज हर्ट्झच्या वर्गमुळामागे एक नॅनोव्होल्टच्या आत आहे, पण इथे त्याचं कौतुक फारसं उपयोगाचं नाही: त्याच्या आधीच्या २५ केच्या पॉटचाच उष्णताजन्य नॉइज मध्यावर दहा नॅनोव्होल्ट येतो. म्हणजे कमी नॉइजसाठी महाग जेफेट शोधणं व्यर्थ. के१७० घ्यायचं कारण त्याचा मोठा ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टेजमागे प्रवाह किती बदलतो ते माप), ज्यामुळे फॉलोअरचा स्वतःचा इम्पीडन्स तीस-पंचेचाळीस ओहमवर येतो आणि गेन एकाच्या अगदी जवळ राहतो.

दोन व्होल्ट आरएमएस देणाऱ्या सीडी प्लेअर किंवा डॅकचं (डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या यंत्राचं) शिखर २.८ व्होल्ट, १८ व्होल्टवर दोन्ही बाजूंना सहा-सात व्होल्ट मोकळे असतात, त्यामुळे क्लिपिंगचा प्रश्न येत नाही. हेडफोन मात्र याला लावू नका. ८ मिलिअँपिअरवर ३२ ओहममध्ये पाव व्होल्टच्या पुढे काही जात नाही, आणि १० मायक्रोफॅरड ५०० हर्ट्झखालचं सगळं कापतो. मधला १ के तर त्याच्याही आधी आवाज गिळतो.

एनई५५३२ किंवा ओपीए२१३४ हा ऑपॲम्प (ॲम्प्लिफायरचा तयार आयसी) फॉलोअर म्हणून लावला तर मोजमापात तो या किटला मागे टाकतो, डिस्टॉर्शनमध्ये तर नक्कीच. हे मान्य न करण्यात अर्थ नाही. पण त्याला दुहेरी पुरवठा किंवा कृत्रिम मध्यबिंदू लागतो, आयसीच्या पिनांशी १०० नॅनोफॅरड लागतो, आणि लांब वायरीसाठी आउटपुटला ४७ ते १०० ओहम लागतात. एनई५५३२चा बायस करंट २०० नॅनोअँपिअरच्या घरात. कपॅसिटरशिवाय थेट वायपरला जोडला तर तो पॉटमधून वाहतो आणि नॉब फिरवताना खर्र खर्र ऐकू येते. जेफेटच्या गेटला तो प्रश्न नाही. शिवाय बिघडलं तर चार जोडांवर मीटर लावून दोष सापडतो, आणि शिकणाऱ्याला हे सर्किट ऑपॲम्पपेक्षा कितीतरी जास्त शिकवतं.

विक्रेत्याकडे नुसता बोर्ड मिळत असेल तर तोच घ्या. जेफेट दहा-बारा सुटे, पॉट २५ के लॉग, आउटपुटला फिल्म, कपॅसिटर ३५ व्होल्टचे. पूर्ण किटच घ्यावं लागलं तर मागवण्यापूर्वी चारही जेफेटचे मोजलेले आयडीएसएस लिहून मागा. जो विक्रेता आकडे देत नाही, त्याने मोजलेलेच नाहीत.